टप्पे

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, एसटीची साधी गाडी, पूर्ण तिकीट: १९,५७५ रुपये.

हा आकडा आप्पांनी २०२२ च्या डिसेंबरात वाण्याच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर काढला. अंतर मी मोबाइलवर बघून सांगितलं होतं, साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. त्यांनी त्याला सहाने भागलं, २,२५० आले, त्याला तेव्हाच्या दराने म्हणजे ८ रुपये ७० पैशांनी गुणलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "आमचं दोघांचं अर्धं. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच हाय. पुढं पूर्ण तिकीट."

आप्पा कराड आगारात तेहतीस वर्षं वाहक होते. किलोमीटर हा ड्रायव्हरचा विषय, असं ते अजूनही मानतात. कंडक्टरला टप्पे लागतात. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, आणि तिकीट टप्प्यावर फाटतं. पण त्यांच्या डोक्यात टप्पा म्हणजे सहा किलोमीटर नसायचेच. टप्पा म्हणजे नाव. कराडहून चिपळूणला जाताना सुपने, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, मग घाट, पोफळी, शिरगाव. कुठे कोण चढतं, कुठे दुधाचे कॅन टपावर जातात, कुठल्या फाट्यावर मास्तरीणबाई रोज दोन मिनिटं उशिरा येतात, हे सगळं मिळून त्यांचं अंतर व्हायचं. त्यामुळे मी साडेतेरा हजार किलोमीटर म्हटल्यावर ते गप्प बसले होते. २,२५० टप्पे म्हटल्यावर मात्र त्यांचा पुढचा प्रश्न आला, "मधली नावं काय काय?"

त्याच महिन्यात एअर इंडियाने मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू केलं होतं, आठवड्यातून तीनदा. ताई तिथून तासाभराच्या अंतरावर फ्रीमाँटला राहते. आई-आप्पांना न्यायचं असं ती आणि दाजी कित्येक वर्षं म्हणत होते, पण मध्ये कुठल्या तरी परक्या विमानतळावर उतरायचं, पाच तास बसायचं, दुसरं विमान शोधायचं, याला आईचा ठाम नकार होता. आता मध्ये उतरायचंच नव्हतं. मी तिकिटं काढली. मुलगा म्हणून मीही बरोबर जाणार होतो, निदान जाताना.

मधली नावं सांगायची तर आधी रस्ता कळायला हवा. मी मोबाइलच्या नकाशावर बोटाने रेघ ओढून दाखवली: मुंबई, मग पूर्वेकडे चीन, जपान, मग पॅसिफिक, मग अमेरिका. आप्पांना ते पटलं. मलाच पटलं नाही, कारण सपाट नकाशावरची सरळ रेघ ही गोल पृथ्वीवरची सरळ रेघ नसते, एवढं भूगोलाच्या तासाचं आठवत होतं. घरात पृथ्वीगोल नव्हता. मोसंबं होतं. देठ वर धरून मी एक लवंग बाजूला, विषुववृत्ताच्या थोडी वर टोचली, ती मुंबई. दुसरी जवळजवळ पाठीमागे आणि अजून थोडी वर, ते सॅन फ्रान्सिस्को. आईने गजऱ्याचा दोरा दिला. दोन लवंगांमध्ये दोरा ताणून धरला, की तो घसरत घसरत आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर येतो. आमचा दोरा पूर्वेला गेलाच नाही. तो सरळ वर, देठाकडे निघाला आणि देठाला जेमतेम चुकवून पलीकडे उतरला.

हे मोसंब्याचंच गणित नीट मांडलं तर असं निघतं की मुंबईहून सुटलेली सगळ्यात छोटी वाट उत्तरेपासून अवघी चौदा अंश पूर्वेला वळलेली असते. राजस्थान, काश्मीर-लडाखची बाजू, सिंक्यांग, सगळा सैबेरिया, मग आर्क्टिक महासागरात ७६-७७ अंश अक्षांशापर्यंत चढून अलास्कावरून खाली. अमेरिकेला जायला पूर्वेला जायचं की पश्चिमेला, हा वाद आमच्या शेजारच्या काकांनी आणि आप्पांनी दोन दिवस चहावर घातला होता. दोघेही हरले. अमेरिका उत्तरेला निघाली.

"पण हा दोरा हिमालयावरनं चाललाय," आप्पा म्हणाले. घाटातला माणूस, त्याला डोंगर आधी दिसणार. त्यांची शंका खरीच होती. विमानं शक्यतो ती वाट घेत नाहीत. डोंगराला धडकायची भीती नसते, विमान एव्हरेस्टपेक्षा वरून जातं. अडचण वेगळी आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर उतरावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. आणि तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरायला खाली जागाच नाही. "म्हंजे घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा नसती तसं," आप्पांनी निकाल दिला आणि मोसंबं आईने सोलून खाल्लं, लवंगा काढून.

वेळापत्रक बघितल्यावर मात्र ते खरोखरच चक्रावले. दुपारी अडीचला मुंबईहून सुटणार, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सॅन फ्रान्सिस्को. त्यांनी कागद उलटा करून पाहिला.

"अडीच तास? अडीच तासात आमची गाडी पुण्यातनं साताऱ्याला जाती."

येतानाचं बघा, मी म्हटलं. रात्री नऊला सुटून पहाटे तीन चाळीसला मुंबई, पण तारीख दोन दिवस पुढची. म्हणजे घड्याळाने जायला अडीच तास आणि यायला पंचेचाळीस मिनिटं कमी दोन दिवस... नाही, मीही चुकलो, तीस तास आणि चाळीस मिनिटं, त्यात एक मध्यरात्र जास्तीची. खरा प्रवास जाताना सोळा तासांचा, येताना सतराच्या थोडा वर. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेतेरा तास पुढे असतो, उन्हाळ्यात ते आपली घड्याळं एक तास पुढे करतात म्हणून साडेबारा. हे मी कागदावर मांडून दाखवलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग बराच वेळ त्या साडेतेरावर पेन्सिल ठेवून बसले. ते कशाचा विचार करत होते हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं, म्हणून ती आत निघून गेली.

२०१४ च्या नोव्हेंबरात आजी गेली. बुधवारी, पहाटे पाच वाजता. आप्पांनी मला पुण्याला फोन केला आणि मी ताईला. तिच्याकडे दुपारचे साडेतीन झाले होते. ती ऑफिसात होती. मी सांगितलं, आणि ती काही वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "इथे अजून मंगळवारच आहे रे."

मी कराडला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अशा वेळी गावात एकच प्रश्न फिरतो: कुणाची वाट बघायची? लेकी आल्या का, नाती कुठवर आल्या. आजीने ताईला वाढवलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणालं, विमानाने एका दिवसात येते की. कुणी म्हणालं, दोन दिवस लागतात. एका चुलत्याला त्याच्या भाच्याचा अनुभव पाठ होता, तो विमानतळांची नावं घेऊ लागला. सगळे आप्पांकडे बघत होते आणि आप्पा माझ्याकडे. मला फक्त इतकं सांगता आलं की तिला रात्रीचं विमान मिळालंय, मध्ये एकदा बदलायचंय, आणि घरी पोहोचायला उद्याची संध्याकाळ होईल.

आप्पांबद्दल आगारात एक गोष्ट सांगायचे. धुळीत लांबून कुणी हात करत पळत येताना दिसलं, की ते डबल बेल द्यायचे नाहीत. ड्रायव्हर ओरडायचे, मागून प्रवासी ओरडायचे, फेरी उशिरा गेली म्हणून कंट्रोलर ओरडायचा. "माणूस येतंय," एवढंच म्हणायचे आणि दारात उभे राहायचे. त्या दिवशी अंगणात त्यांनी अर्धा तास काहीच सांगितलं नाही. मग ताईचाच फोन आला. "आप्पा, थांबू नका." दुपारी चारला आम्ही संगमावर गेलो. ताई गुरुवारी दिवेलागणीला रिक्षातून उतरली तेव्हा आजीला जाऊन सदतीस तास होऊन गेले होते. शुक्रवारी सकाळी राख सावडायला ती होती.

तिने कुणाला काही म्हटलं नाही. आप्पांनीही नाही. फक्त त्यानंतर ते कधीमधी, काहीही चाललेलं असताना, विचारायचे: तिथनं इथवर नेमकं किती? मी प्रत्येक वेळी काहीतरी गोल आकडा सांगायचो. तोच प्रश्न आठ वर्षांनी वाण्याच्या बिलावर आला होता.

अडीच तासांच्या त्या वेळापत्रकात आईचा एक वेगळाच प्रश्न होता. आमचं विमान गुरुवारचं होतं आणि आई गुरुवार करते. दिवसभर फराळाचं, संध्याकाळी दिवा लावून, नैवेद्य दाखवून सोडायचा. अडीचला विमान उडालं. बरोबर पाच वाजता, माझ्या मनगटावर पाच, खिडकीबाहेर अंधार पडला. आम्ही सूर्याकडे पाठ करून पळत होतो, त्यामुळे तो दुप्पट घाईने मावळला. कराडच्या अंगणात अजून ऊन असणार. आईने डोळे मिटून हात जोडले, पुटपुटली आणि उपवास सोडला. हवाईसुंदरीने दिलेला भात तिने नैवेद्यासारखा आधी डब्याच्या झाकणावर काढून ठेवला.

रात्री साडेबाराला, म्हणजे पुन्हा माझ्याच मनगटावर, खिडकीच्या फटीतून केशरी रेघ आली आणि बघता बघता ऊन झालं. खाली पॅसिफिक. समोरच्या पडद्यावर आम्ही वाररेषेच्या जवळ होतो. ही रेषा १८० अंश रेखावृत्ताच्या आजूबाजूने जाते. पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते. माझ्या फोनवर शुक्रवार लागून अर्धा-पाऊण तास झाला होता. मी आईला सांगितलं, "आता परत गुरुवार."

तिने माझ्याकडे बघितलं. "आजचाच?"

"आजचाच. नवा कोरा."

ती जराही विचारात पडली नाही. "महाराजांचा वार पुन्हा आला तर पुन्हा धरायचा," म्हणाली आणि पुढ्यातला नाश्ता आप्पांच्या ताटात सरकवला. त्यामुळे आमच्या आईने एकाच तारखेला दोन उपवास केले आणि दोनदा सोडले, दुसरा ताईच्या स्वयंपाकघरात, कॅलिफोर्नियातला सूर्य सव्वापाच-साडेपाचला बुडाल्यानंतर बऱ्याच वेळाने.

आप्पा मात्र पडद्यावरून हलले नाहीत. सोळा तास. त्यांनी घरून दोनशे पानी वही आणली होती आणि तिचं वेबिल केलं होतं. रकाने आखलेले: वेळ, ठिकाण, वेग, उरलेलं अंतर. प्रवासी संख्या दोन, कंसात मुलगा. दर तासाला ते पडद्यावरचे आकडे उतरवून घ्यायचे. ठिकाणाच्या रकान्यात पडद्यावर जे नाव दिसेल ते. चीन ओलांडेपर्यंत नावं भराभर येत होती, जपानपर्यंतही. मग रकाना कोरा पडू लागला. एके ठिकाणी त्यांनी नुसतं "पाणी" लिहिलंय. पुढच्या तासाला "पाणी". त्याच्या पुढच्या तासाला दोन टिंबं, किराणा यादीत लिहितात तशी, म्हणजे वरीलप्रमाणे.

जपानच्या पुढे एका ओळीत वेग १,०८० असा आहे, आणि त्याच्याभोवती गोल. आधीच्या ओळींत तो नऊशेच्या आसपास होता. "उतार लागला का काय?" त्यांनी विचारलं. एका अर्थाने लागला होता. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक अरुंद, वळणावळणाची नदी वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला. हिवाळ्यात जपानजवळ ती सगळ्यात जोरात असते, कधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता. पण त्याने आपले निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. सगळ्या जगाने वाचावं म्हणून निवडलेली भाषा, आणि तीच कुणी वाचत नव्हतं! मला त्या माणसाबद्दल उगाच आपलेपणा वाटतो.

या वाऱ्यामुळे अंतर आणि वेळ यांची फारकत कशी होते त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्लीचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा ते पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचं तोंड फिरवून पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढली, १३,९०० ची १५,३०० झाली. आणि वेळ दोनेक तासांनी कमी झाला, कारण आधी वारा तोंडावर होता आणि आता पाठीवर. मी हे सांगितल्यावर आप्पांना जराही आश्चर्य वाटलं नाही. घाटरस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला जवळची वाट उशिरा पोचवते हे शिकवावं लागत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता: मग तिकीट कुठल्या अंतराचं फाडतात?

कुठल्याच नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एकाच विमानात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, एकाच अंतरासाठी दोन माणसं वेगवेगळे पैसे देतात, हे ऐकून ते इतके अस्वस्थ झाले की पुढच्या तासाची नोंद राहिली. वहीत ती जागा अजून मोकळी आहे.

त्या लांबलचक पाण्यावर, आई झोपलेली असताना, मी त्यांना त्यांच्या आवडीची एक गोष्ट सांगितली. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, हे आगारातल्या प्रत्येकाला पाठ असतं, दरवर्षी वर्धापनदिन होतो. बरोबर सात दिवसांनी, ८ जून १९४८ ला, एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून लंडनला निघालं, मलबार प्रिन्सेस नावाचं. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन. ते कैरोला उतरलं, जिनिव्हाला उतरलं, मग लंडन.

"म्हंजे टप्पे होते," आप्पा म्हणाले.

होते. त्याच्या आधी तर जास्तच होते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, अठ्ठावन्न दिवस. तेव्हाच्या माणसाला आपण लांब आलोय हे कुणी सांगावं लागत नसेल. बंदरागणिक पाण्याचा रंग बदलायचा, ताटातलं अन्न बदलायचं, माणसांची बोली बदलायची. एकेक टप्पा करून घर मागे पडायचं. मला वाटतं ताईच्या पिढीला न मिळालेली गोष्ट ती आहे. तिला मुंबईत बसवलं आणि सोळा-वीस तासांनी दुसरीकडे काढलं, मधल्या पाटण-हेळवाकशिवाय. ती वीस वर्षं लांब आहे, पण ती लांब कधी गेली ते तिलाही सांगता येणार नाही, कारण जाताना वाटेत काही लागलंच नाही. लांबी नंतर समजली, पहाटेच्या एका फोनवर.

सॅन फ्रान्सिस्कोला चाकं टेकली तेव्हा आप्पांनी वेळ लिहिली नाही. मी खुणावलं तर म्हणाले, "गाडी लागू दे." विमान हळूहळू सरकत, वळणं घेत, थांबत, जागेवर जाऊन उभं राहिलं, इंजिनांचा आवाज बंद झाला, मग त्यांनी लिहिलं. अगदी बरोबर पद्धत, त्यांना माहीत नसताना. वेळापत्रकातला वेळ हा जमिनीवरून उचलल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा नसतोच. विमान निघताना जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीच्या रांगेतली वीस मिनिटंही त्यात धरलेली असतात. आणि कराडहून मुंबईला यायला लागलेले सात तास, चार तास आधी येऊन बसणं, तिथली पासपोर्टची रांग, फ्रीमाँटपर्यंतची गाडी, हे कुठल्याच वेळापत्रकात नसतं. आप्पांच्या वहीत आहे. घर ते घर, २९ तास.

शेवटच्या पानावर त्यांनी त्या गुरुवारचाही हिशोब केला होता, ताईकडे पोहोचल्यावर, झोप येत नसताना. कराडला गुरुवार लागल्यापासून फ्रीमाँटला गुरुवार संपेपर्यंत: चोवीस अधिक साडेतेरा, साडेसदतीस तास. सकाळी चहा घेताना वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मी लगेच ओळखलं नाही. त्यांनी बोट तसंच ठेवलं. मग ताई ओट्यापाशी उभी होती तिच्याकडे बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "एवढा मोठा वार असतो. मला ठाऊकच न्हवतं."

ताई पाठमोरी होती. तिने गॅस बारीक केला, एवढंच.

मी दोन आठवड्यांनी परतलो, आई-आप्पा मार्चमध्ये. माझी परतीची वाट शनिवारी रात्री नऊला सुरू झाली आणि सगळी रात्रीतच झाली. आता आम्ही सूर्याच्या पुढे पळत होतो, तो मागून येत होता पण गाठत नव्हता. सतरा तासांची एक रात्र. मुंबईत उतरलो तेव्हा सोमवारची पहाट. रविवार मधल्या अंधारात वाररेषेपाशी जेमतेम काही तास लागला आणि संपला. आईने फोनवर मला विचारलं की तिचा जाताना जास्तीचा मिळालेला गुरुवार परत येताना कापून घेतील का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग गुरुवारचं तिकीट काढू नको. ते मंगळवारी निघाले, त्यामुळे बुधवारावर भागलं.

त्याच वर्षी जूनमध्ये आप्पांनी सकाळी सातला फोन केला, वर्तमानपत्र पुढ्यात धरून. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अति पूर्वेला, मगादान नावाच्या गावी उतरवलं होतं. २१६ प्रवासी. दोन इंजिनांच्या विमानाने अशा वाटेवर ठरावीक वेळेच्या आत एका इंजिनावर गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवायचा असतो, म्हणून नकाशावर कुणी न ऐकलेली ही गावं वैमानिकांना तोंडपाठ असतात. आप्पांना त्या नियमाचं काही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बंद पडलेल्या गाडीतले प्रवासी मागून येणाऱ्या गाडीत बसवून दिले होते. "मागची गाडी कवा हाय तिथं?" मागची गाडी नव्हतीच. ती मुंबईहून रिकामी पाठवावी लागली, त्या सगळ्यांना घेऊन पुढे जायला. दोन दिवस त्यांनी ती बातमी सोडली नाही. माणसं पोचली असं तिसऱ्या दिवशी वाचलं, तेव्हा कुठे वही काढून कोऱ्या रकान्यात, "पाणी"च्या आधीच्या ओळीत, "मगादान (जवळपास)" असं लिहिलं. एक नाव मिळालं.

नावं हल्ली वाढतच चाललीत, तीही वेगळ्या कारणाने. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही; हेलसिंकीहून टोकियो साडेनऊ तासांवर होतं, ते तेरा तासांवर गेलं, शहरं मात्र होती तिथेच आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. मोसंब्यावरचा दोरा कुणी बोटाने बाजूला सारावा तसं. आप्पा म्हणाले, "बघ, टप्पे परत आले." त्यांना त्यात थोडा आनंदच झाला, असा मला संशय आहे.

गेल्या डिसेंबरात ताई आली, एकटीच, दुबईवरून. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, त्यामुळे त्यांच्यातली सगळ्यात छोटी वाट उत्तर ध्रुवाच्या दोनशे किलोमीटर अंतरावरून जाते. मोसंब्याचं देठच. विमान प्रत्यक्षात कुठून येतंय हे आता मोबाइलवर दिसतं, एक छोटं पिवळं विमान नकाशावर सरकत असतं. आप्पा पंधरा तास ते बघत बसले. आईने दोनदा ओरडून जेवायला उठवलं. तो ठिपका जिथे बर्फाशिवाय काही नव्हतं तिथून जाताना त्यांनी मला हाक मारली, "इथलं नाव काय रं?" मी सांगू शकलो नाही.

ताई मुंबईला पहाटे उतरली आणि गाडी करून निघाली. आता ती आप्पांच्या मुलखात आली होती. आता मोबाइल त्यांनी बाजूला ठेवला. खंबाटकी उतरली की फोन कर, असं सांगून ठेवलेलं. तिने केला. मग साताऱ्याहून केला. मग बराच वेळ काही नाही, आणि आप्पा दारातून रस्त्याकडे, रस्त्याकडून दाराकडे.

साडेअकराला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "हां," म्हणाले, "सावकाश या," आणि ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला तीन बोटं दाखवली.

"उंब्रज सोडलं?" आईने विचारलं आणि चहाचं आधण ठेवलं.